शोभेची गाडी, चालती गाडी

लहान मुलाच्या हाती आगगाडी दिली की ते आधी तिची चाके फिरवून पाहते. चाके फिरली नाहीत, तर ती कितीही देखणी असली तरी त्याच्या लेखी ती गाडी नव्हे, गाडीचे चित्र होय. काचेच्या कपाटातील गाडी आणि रुळावरची गाडी यांतला हा भेद मुलांना चटकन कळतो. मोठ्यांना तो कळायला वेळ लागतो. वाचकहो, या भेदालाही इतिहास आहे, आणि त्यातले एक झळझळीत पान मराठी घराण्याचे आहे.

सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे शिंदे ग्वाल्हेरीस गेले, राजे झाले. जयाजीरावांनी १८७४ साली जयविलास राजवाडा बांधला. त्यांचे पुत्र माधवराव (१८७६–१९२५) यांना आगगाडीचे विलक्षण वेड. राजाच्या पंगतीत चांदीच्या वस्तू शोभेपुरत्याच मांडलेल्या असतात. माधवरावांनी मात्र चांदीची आगगाडीच मेजावर आणली आणि तिला कामाला लावले! इंग्लंडातील बॅसेट-लोक या खेळण्यांच्या कंपनीने घडवलेली ही गाडी मेजावरच्या रुळांवरून विजेवर फिरे, मद्याच्या कुप्या आणि चिरूट पाहुण्यांपुढे नेई. पाहुण्याने कुपी उचलली की गाडी थांबे, जागच्या जागी ठेवली की पुन्हा निघे. डब्यांवर इंग्रजीतील शिंदे नावाची एकेक अक्षरे होती. ती गाडी आजही राजवाड्यातील संग्रहालयात पाहावयास मिळते.

आणि वेड मेजावरच राहिले नाही. ग्वाल्हेर संस्थानाची दोन फुटी रुळांची रेल्वे याच माधवरावांच्या काळात वाढली. श्योपूरपर्यंतची ती गाडी २०२० साली थांबेपर्यंत माणसे वाहत राहिली.

अशा शोभेच्या गाडीस चालती करणे हा आज कित्येकांचा छंद आहे. वरून सोपे वाटते, पण खरी मेख चाकांत असते. विजेवर चालणाऱ्या बहुतेक लहान गाड्यांत दोन रुळ म्हणजे विजेची दोन टोके. एका आसावरची दोन्ही चाके धातूने जोडलेली असली तर प्रवाह मोटारीत न जाता आरपार जातो आणि गाडी जागीच अडते. म्हणून चाके आसापासून विलग करावी लागतात. मग मोटार आणि वेग कमी करून ओढ वाढविणारी दातेरी चक्रे बसवावी लागतात. प्रवाहाची दिशा उलटली की गाडी मागे जाते. इंजिनात थोडे शिसे घालून वजनही वाढवावे लागते, नाहीतर चाके नुसती घसरत राहतात. शोभेचे धूड तेच. आतला जीव नवा. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेल्या आणि १९९८ साली खुल्या झालेल्या लघुरेल्वे संग्रहालयात असा चालता संसार डोळे भरून पाहता येतो.

आमच्या निलंग्याच्या लोकांना याचे अप्रूप वाटण्याचे आणखी एक कारण आहे. लातूरहून जी बार्शी लाइट रेल्वे धावे, तिचे रुळ अवघे अडीच फुटांचे. तिला पाहून खेळण्यातली गाडी म्हणणारे कमी नव्हते. पण एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनियराने १८९७ साली कुर्डुवाडी भागातून बार्शीपर्यंत ती धाववून दाखविली. वजन अनेक आसांवर वाटले की हलक्या रुळांवरूनही भारी माल नेता येतो, हे त्याने सिद्ध केले. १९११ साली ती लातुरास आली, १९२७ साली मिरजेस पोहोचली आणि १९५४ साली सरकारने ती विकत घेतली. पुढे मोठे रुळ आले आणि लहान गाडी इतिहासजमा झाली.

आता उलटाच प्रकार दिसतो. जी इंजिने कधी धुरांचे लोट सोडीत धावली, त्यांपैकी कित्येक रंगरंगोटी होऊन स्टेशनाबाहेर चौथऱ्यांवर उभी आहेत. चालती गाडी शोभेची झाली! चौथऱ्यापाशी उभ्या मुलाला विचारा. त्याला रंगाशी कर्तव्य नसते. तो विचारतो, ही चालते कशी? त्या प्रश्नाला उत्तर द्यायला आपल्यापैकी कोणीतरी तयार असावे. पुण्या-साताऱ्याकडे मुले दिवाळीत किल्ले करतात. यंदा त्या किल्ल्याच्या पायथ्याशी एखादी जुनी गाडी ठेवलीत, तर मुलांना तिचे झाकण उघडू द्या.