नारू: लशीविना संपलेला रोग
नारूवर ना लस होती, ना औषध. तरी तो भारतातून गेला. कसा?

रोगी पायविहिरीत उतरला की त्याच्या पायातला जंत पाण्यात पिल्लं सोडायचा. ती सायक्लॉप्स नावाच्या बारीक जलजीवाच्या पोटात जायची. ते पाणी पिणाऱ्याच्या अंगातून साधारण वर्षभराने नवा नारू निघायचा.

१९८३-८४च्या राष्ट्रीय मोहिमेने ही साखळीच तोडली. गावोगाव रुग्ण शोधले, पायविहिरींच्या पायऱ्या बंद केल्या, पाण्यात टेमेफॉस टाकलं, हातपंप बसवले, पाणी फडक्याने गाळायला शिकवलं.

शेवटचा रुग्ण जुलै १९९६मध्ये राजस्थानात सापडला. २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त जाहीर केला. त्या दाखल्यात रोज न चुकता पाणी गाळणाऱ्या बायकांचाही वाटा आहे.