‘हे खरे आहे काय?’ : सभागृहातील प्रश्न आणि आपला मावळ



इतिहासावरचे व्याख्यान म्हटले की गडकोट आणि लढाया ऐकायला मिळतील, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मावळात तर ती दुप्पट असते. कारण लोहगड आणि विसापूर खिडकीतून दिसतात. परंतु आम्ही पडलो कामगार संघटनेचे कार्यकर्ते. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या दारावरील सभांत अधिक झाले. तेव्हा आज आम्ही लढाईबद्दलच बोलणार आहोत, पण त्या लढाईतले हत्यार म्हणजे चार शब्द आहेत : ‘हे खरे आहे काय?’

आपल्या विधानसभेत आमदार मंत्र्याला जो तारांकित प्रश्न विचारतो, तो बहुधा याच चार शब्दांवर उभा असतो. अमुक ठिकाणी अमुक घडले, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? चौकशीनुसार कोणती कारवाई केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? वाचायला हे रूक्ष वाटते. पण राज्य चालवणाऱ्याला उभे करून त्याच्याकडून कारभाराचा हिशेब मागण्याची ही रीत आहे, आणि ती आपल्याला कोणी फुकट दिलेली नाही. ती कशी आली, आणि ती हाती असूनही आपण पुष्कळदा रिकाम्या हाताने का परततो, एवढेच आज सांगायचे आहे.

आरंभ आपल्या घाटापासूनच करू. लोणावळ्याहून कर्जतकडे उतरणारी रेल्वे आपण रोज पाहतो. या बोरघाटाचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली गाडी घाट चढून वर आली. ऐन भरात, म्हणजे १८६१ च्या सुमारास, या कामावर चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. सुरुंग, दरडी आणि पटकी यांनी त्यांतली हजारो माणसे गेली. १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकल्यामुळे मजुरांचा संयम सुटला, घाटात दंगल झाली आणि तीत एक युरोपियन मेला. त्याच वर्षी फॅव्हिएल या कंत्राटदाराने काम सोडले. पुढे ट्रेडवेल आला. तो थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या पत्नीने कंत्राट पुरे करून घेतले. ही नावे इतिहासात राहिली. ज्यांची मजुरी थकली होती, त्यांची नावे मात्र राहिली नाहीत.

आता विचार करा, या मजुरांच्या वतीने ‘मजुरी थकली आहे, हे खरे आहे काय?’ असे सरकारला विचारणारा कोण होता? कोणीही नव्हता. विचारण्याची जागाच नव्हती. ज्याला तोंड उघडायला जागा नसते, त्याचा हात उचलला जातो. १८५९ च्या दंगलीचा आम्ही लावतो तो अर्थ एवढाच आहे.

इंग्रजांच्या स्वतःच्या देशात मात्र ही जागा फार आधी झाली होती. १७२० साली साउथ सी कंपनीचा फुगा फुटला. लाखो पौंड बुडाले आणि कंपनीचा खजिनदार पळाला. तेव्हा लॉर्डांच्या सभागृहात लॉर्ड काउपर यांनी, हा माणूस पळाला व पकडला गेला हे खरे आहे काय, असे सरकारला विचारले. तेथील नोंदीतला मंत्र्याला विचारलेला पहिला प्रश्न तो हाच मानतात. पहिलाच प्रश्न पैसे घेऊन पळालेल्या माणसाबद्दल असावा, हे आमच्यासारख्या पगारपत्रके तपासणाऱ्यांना फार ओळखीचे वाटते.

हा हक्क हिंदुस्थानात जिन्याच्या पायऱ्यांसारखा, एकेक करून आला. १८६१ च्या कायद्याने मुंबई इलाख्याला कायदेकौन्सिल मिळाले. पण समोर असलेल्या विधेयकाबाहेर बोलायची बंदी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार! १८९२ च्या कायद्याने प्रश्न विचारण्याची मुभा दिली. परंतु प्रश्न माहितीपुरता हवा, उत्तरावर चर्चा नाही आणि उपप्रश्न तर नाहीच. अशा कौन्सिलात १८९५ साली लोकमान्य टिळक निवडून गेले आणि १८९९ साली गोपाळ कृष्ण गोखले गेले. १९०१ साली शेतजमिनीच्या विधेयकावर सरकार ऐकेना, तेव्हा फिरोजशहा मेहता, गोखले आदी सभासद सभागृह सोडून बाहेर पडले. विचारून भागत नाही, तेव्हा उठून जावे लागते, हे त्यांनी दाखवून दिले. १९०९ च्या कायद्याने मूळ प्रश्न विचारणाऱ्याला उपप्रश्नाचा हक्क मिळाला आणि १९१९ च्या कायद्याने तो कोणत्याही सभासदास मिळाला.

उपप्रश्न ही बारीक गोष्ट वाटेल. पण तीच खरी गोम आहे. लेखी उत्तर मंत्र्याच्या हाती देतो तो सचिवालयातला कारकून. उपप्रश्नाला मात्र मंत्र्याला स्वतःच्या डोक्यातून उत्तर द्यावे लागते. त्याने फाईल वाचली आहे की नाही, हे त्या अर्ध्या मिनिटात कळते.

याच काळात आपल्या भागात दुसरी गोष्ट घडत होती. १९११ साली लोणावळ्याला वळवण धरणाच्या कामाचा पायाभरणी समारंभ गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते झाला. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. त्यानंतर टाटांच्या कंपनीची नजर आपल्या दक्षिणेच्या खोऱ्याकडे, मुळशीकडे वळली. पन्नासाच्या आसपास गावे आणि भाताची कसदार खाचरे पाण्याखाली जाणार होती. १९२१ च्या एप्रिलात, रामनवमीच्या दिवशी, मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांची नावे त्याच लढ्याने घरोघर नेली.

त्या वेळी प्रश्न विचारण्याचा हक्क तर होता. मग तो या लोकांच्या कामी का आला नाही? दोन कारणे दिसतात. पहिले असे की, काँग्रेसने १९२० च्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला होता. त्यामुळे सत्याग्रहींची बाजू घेणाऱ्यांतले पुष्कळ जण सभागृहाबाहेर होते. दुसरे कारण अधिक खोल आहे. १९१९ च्या कायद्याने सरकारी खात्यांचे राखीव आणि सोपीव असे दोन भाग केले. शिक्षण, आरोग्य यांसारखी सोपीव खाती कौन्सिलाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे दिली; जमीनमहसूल, पोलीस ही राखीव खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे ठेवली. शेतकऱ्याची जमीन ज्या कलमाने जात होती आणि ज्या पोलिसाकरवी त्याला पकडले जात होते, ती दोन्ही खाती कौन्सिलाच्या मताने हलणारी नव्हती. प्रश्न विचारा, उत्तर देऊ. पण उत्तर पसंत न पडले तर तुम्ही आमचे काय करणार? धरण झाले.

म्हणजे प्रश्नाच्या मागे दोन गोष्टी लागतात. उत्तर देणाऱ्याची खुर्ची विचारणाऱ्याच्या मतावर अवलंबून असली पाहिजे, ही एक. ती आपल्याला १९५० च्या राज्यघटनेने पुरी मिळवून दिली; मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे, असे १६४ वे कलम सांगते. दुसरी गोष्ट घटना देऊ शकत नाही. ती म्हणजे पक्की माहिती.

पक्की माहिती काय करू शकते, याचे आमच्या पिढीला सांगितलेले उदाहरण १९५७ सालचे आहे. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपास रुपयांचे शेअर घेतले होते. पैसा विमेदारांचा, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्यांच्या हप्त्यांचा. लोकसभेत प्रश्न आले, उत्तरे ताकास तूर लागू न देणारी आली. डिसेंबरात फिरोज गांधी आकडे आणि तारखा घेऊन उभे राहिले. ते सत्तारूढ पक्षाचे सभासद आणि पंतप्रधानांचे जावई होते, हे विसरू नये. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांची चौकशी नेमली गेली, ती मुंबईत उघडपणे चालली, आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

याला एक जुना संदर्भ आहे. १९५१ साली मुदगल नावाच्या संसद सभासदाने मुंबईच्या सराफ बाजारातील संस्थेकडून पैसे घेऊन तिच्यासाठी प्रश्न विचारले, असा आरोप आला. त्याची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष हेच कृष्णम्माचारी होते. प्रश्नाची पवित्रता राखायला जो बसला, त्यालाच पुढे प्रश्नाने खाली उतरवले. २००५ च्या डिसेंबरात तर प्रश्नासाठी पैसे घेतल्याबद्दल संसदेने आपले अकरा सभासद एकाच वेळी काढून टाकले. त्यांत महाराष्ट्रातलेही होते. प्रश्नाला बाजारात किंमत येते, याचाच अर्थ त्यात ताकद आहे. श्रीमंताला ती कळली. गरिबाला कधी कळणार?

आता आमची स्वतःची गोष्ट सांगतो. ती फजितीची आहे. मावळातल्या एका कारखान्यात जादा कामाची मजुरी कित्येक महिने थकली होती. कारखान्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही. आम्ही एका आमदारांकडे गेलो आणि मोठ्या आवेशाने प्रश्न लिहून दिला : कामगारांवर घोर अन्याय होत आहे, हे खरे आहे काय? प्रश्न लागला. आम्ही उत्तराची वाट पाहत होतो. उत्तर आले : ‘(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’

संध्याकाळी दारावरील सभेत ते उत्तर आम्हीच वाचून दाखवले. एक वयस्क फिटर उठून म्हणाले, “भाऊ, मंत्री खोटं बोलला नाही. अन्याय कुठल्या रजिस्टरात लिहितात, ते दाखवा बरं!” सभा हसली, आम्हांला मात्र रात्रभर झोप आली नाही.

दुसऱ्या अधिवेशनापूर्वी आम्ही चार महिने वह्या भरल्या. कोणत्या खात्यात, कोणत्या महिन्यात, किती माणसांचे किती तास. निरीक्षकाने कोणत्या तारखेला भेट दिली. आमचा अर्ज कोणत्या जावक क्रमांकाने पोहोचला. अन्याय हा शब्द काढून टाकला. या वेळी उत्तर आले : ‘हे अंशतः खरे आहे.’ त्या ‘अंशतः’वर आम्ही बोट ठेवले आणि आमदारांनी उपप्रश्न विचारला : कोणता अंश खरा? थकबाकीचा मोठा भाग पुढच्या दिवाळीपूर्वी मिळाला. सगळा मिळाला नाही, हेही सांगितले पाहिजे.

येथेच हे व्याख्यान संपवले असते तर आम्ही शहाणे ठरलो असतो. पण मावळात उभे राहून ९ ऑगस्ट २०११ विसरता येत नाही. पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडकडे नेण्याच्या योजनेला शेतकऱ्यांचा विरोध होता. नदीचे पात्र कोरडे पडले तर काठावरच्या शेतीचे काय, ही त्यांची भीती होती. त्यापूर्वी पवना धरणाखाली जमिनी गेलेल्या पुष्कळ कुटुंबांना पर्यायी जमिनीची वाट पाहण्यात दशके घालवावी लागली होती. सरकारच्या शब्दावर त्यांनी का विश्वास ठेवावा? त्या दिवशी बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर गोळीबार झाला आणि तीन शेतकरी मेले. त्यांत एक स्त्री होती.

मग सभागृहात प्रश्नांचा पाऊस पडला, गदारोळ झाला, न्यायालयीन चौकशी नेमली गेली. ते सर्व योग्यच होते. परंतु गोळीनंतर विचारलेल्या प्रश्नाने माणूस परत येत नाही. त्या आधीच्या वर्षांत आम्ही, या तालुक्यातल्या संघटनावाल्यांनी, काय केले? आमच्या वह्यांत कारखान्यांचे तास होते. पवनेच्या पाण्याचा हिशेब नव्हता. काठावर किती मोटारपंप, किती एकर ऊस, कोणत्या महिन्यात किती पाणी सोडले जाते, हे आम्ही कधी मोजले नाही. शेतकरी आमचेच भाऊ होते. कित्येक घरांत एक भाऊ कारखान्यात आणि दुसरा शेतावर होता. तरी तो प्रश्न आम्ही आपला मानला नाही. ही कबुली देण्यासाठीच आम्ही आज येथे उभे राहिलो, असे म्हटले तरी चालेल.

२०२० च्या सप्टेंबरात साथीच्या कारणाने संसदेचे अधिवेशन प्रश्नोत्तराच्या तासाविना झाले; लेखी उत्तरे तेवढी मिळाली. त्यावर दिल्लीत वाद झाला. आपल्या तालुक्यात मात्र तो तास नाही याची चुटपुट किती जणांना लागली? ज्या वस्तूची उणीव भासत नाही, ती वस्तू आपण वापरत नव्हतो, एवढाच त्याचा अर्थ.

बंधुभगिनींनो, रडल्याशिवाय आईही दूध पाजत नाही, ही म्हण खरी. पण सरकार ही आई नव्हे, त्याला नुसते रडणे ऐकू येत नाही. त्याला तारीख, आकडा आणि जावक क्रमांक ऐकू येतो. सभागृहात विचारणारा एक असतो. त्याच्या हाती प्रश्न देणारे मात्र येथे, या मांडवात बसलेले असतात. १८५९ साली घाटातल्या मजुराला विचारायला जागा नव्हती. मुळशीच्या शेतकऱ्याला उत्तरावर हुकमत नव्हती. आपल्याला दोन्ही आहेत. आता आपल्या गावचे एक दुखणे घ्या, त्याची वही करा आणि पुढचे अधिवेशन सुरू होण्याआधी ती आपल्या आमदारांच्या हाती द्या. उत्तर आले की ते चावडीवर मोठ्याने वाचा. आणि त्यात ‘अंशतः’ हा शब्द सापडला, तर वही मिटू नका.