पेचाऐवजी आकडे : इंजिन सुरात लावण्याचा इतिहास

कुंडलिका नदीने जालना शहराचे दोन भाग केले आहेत. त्यांपैकी जुन्या जालन्याच्या बाजूस रेल्वे स्थानक आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यात मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज मार्ग टाकला गेला आणि वाफेचे इंजिन या गावाच्या नित्य परिचयाचे झाले. सिलिंडरात वाफ किती काळ सोडायची हे चालक एका दांड्याने ठरवीत असे; चढावर अधिक, सपाटीवर कमी. आज ज्याला ‘ट्यूनिंग’ म्हणतात त्याचे मूळ रूप हेच. आता हा निर्णय संगणक घेतो, आणि त्या निर्णयाचे आकडे कोणी पाहावेत व कोणी बदलावेत, यावर जगभर वाद चालू आहेत.

मधल्या काळात कार्ब्युरेटरचे राज्य होते. हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण एका पेचावर व जेटवर अवलंबून असे. मिस्त्री पेच अर्धा फेरा फिरवी, कान देई, प्लग काढून त्याचा रंग पाही. काळा पडला तर पेट्रोल जास्त, पांढुरका दिसला तर कमी. ही विद्या उस्तादाकडून शागिर्दाकडे जाई; तिला ना परवाना लागे, ना सांकेतिक शब्द.

१९६७ साली बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंधन-प्रणाली फोक्सवॅगनच्या गाडीत बसली. १९७९ मध्ये बॉशच्याच मोट्रॉनिकने इंधन आणि ठिणगी हे दोन्ही कारभार एका अंकीय पेटीत आणले. त्या पेटीला आज ईसीयू म्हणतात. तिच्या स्मृतीत तक्ते असतात : एका बाजूस इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूस त्यावरील भार, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. ट्यूनरांच्या भाषेत हा ‘मॅप’. ठिणगी अवाजवी लवकर पडली की इंजिन ठोके देते आणि अखेर पिस्टन जातो. तक्त्यातील एक चुकीचा आकडा एवढे करू शकतो.

महाराष्ट्रात हे स्थित्यंतर सरळ रेषेत झाले नाही. मराठवाड्याला वाळूजच्या कारखान्यामुळे परिचित असलेल्या बजाज ऑटोने २००७ मध्ये पल्सर २२० ही इंधन-इंजेक्शनची मोटारसायकल आणली. २००९ मध्ये तीच गाडी कार्ब्युरेटरसह पुन्हा बाजारात आली! इतिहास मागेही वळतो, तो असा. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाली, तेव्हा मात्र साध्या दुचाकीतही ईसीयू आली आणि लहान गावांतील गॅरेजांना स्कॅनर घ्यावा लागला.

स्कॅनर दोष वाचतो. तक्ते बदलण्याची साधने निराळी. जर्मनीचे विनओएलएस हे पेटीतील कच्ची फाइल आकड्यांच्या आणि डोंगर-दऱ्यांसारख्या आलेखांच्या रूपात दाखवते. त्यातून नेमका तक्ता ओळखणे हे जाणकाराचे काम. व्यवसाय म्हणून अनेक बनावटींच्या गाड्या हाताळणाऱ्यास ते उपयोगी, नवशिक्यास धोक्याचे. अमेरिकेच्या एचपी ट्यूनर्समध्ये तक्ते नावानिशी मांडलेले असतात आणि चालत्या गाडीची नोंदही घेता येते. पण प्रत्येक गाडीमागे पैसे मोजावे लागतात. ट्यूनरप्रो हौशी लोकांचे. त्या-त्या पेटीची व्याख्या-फाइल मिळाली तरच ते कामाचे. २००१ पासूनच्या मेगास्क्वर्टने तर मूळ पेटीच बाजूला सारून स्वतः जोडलेली पेटी बसवण्याची वाट दाखवली. शिकण्यासाठी याहून चांगली शाळा नाही, कारण प्रत्येक आकडा स्वतः भरावा लागतो.

बंद पेटीत काय दडू शकते, हे १८ सप्टेंबर २०१५ रोजी उघड झाले. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतील सॉफ्टवेअर चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरतेच प्रदूषण घटवते, असे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जाहीर केले. भारतात तपासणीचे काम पुण्याच्या एआरएआय या संस्थेकडे आले. प्रयोगशाळेबाहेर, प्रत्यक्ष रस्त्यावर गाड्या तपासल्या गेल्या. त्यानंतर डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातील सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सर्वोच्च न्यायालयाने पुढे सक्तीच्या कारवाईस स्थगिती दिली.

त्याच २०१५ साली अमेरिकेने गाडीमालकाला दुरुस्ती व अभ्यासासाठी स्वतःच्या गाडीचे सॉफ्टवेअर उघडण्याची सवलत दिली. भारतात वारे दुसरीकडे वाहिले. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेतील बदलांना आधीपासूनच आवर घालत होते. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२-अ आणून मालकास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. हवेचा विचार करता तिला कारण आहे. शौकापायी धूर ओकणाऱ्या डिझेल गाड्या कोणी पाहिलेल्या नाहीत? पण आकडे नुसते वाचू पाहणारा मिस्त्री आणि धुराचा शौकीन यांना एकाच पारड्यात घालणे योग्य नव्हे. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि तिच्या विषयांत मोटारींचाही समावेश केला.