काळजाची बेरीज

मराठीत काळीज धडधडतं, काळीज तुटतं, आणि लाडकी लेक काळजाचा तुकडा असते. आम्ही कवींनी हा शब्द हृदयाच्या नावावर चढवून दिला. आमच्या घरच्या उर्दूतही जिगर म्हणजे हिंमत. पण मटणाच्या दुकानात कलेजी मागा, खाटीक बरोबर यकृतच तोलून देतो. शरीरशास्त्रात तो आमच्यापेक्षा पक्का. हे मी गमतीनं सांगायचो, आमच्या मामूंचं यकृत बिघडेपर्यंत.

मामू शिंपी. दारूला त्यांनी कधी हात लावला नाही. तरी 'लिव्हर सिऱ्हॉसिस' हे शब्द मोहल्ल्यात पोचले आणि लोक एकमेकांकडे बघून हसू लागले. खरं कारण हेपटायटिस बी. हा विषाणू वर्षानुवर्षं त्यांच्या रक्तात गुपचूप राहिला होता. पोटात पाणी झालं, बेंबीशी लिंबाएवढा हर्निया वर आला, दुखू लागला. आम्ही म्हणालो, एवढंसं तर ऑपरेशन, उरकून टाका. सर्जननी कागदावर पाच आकडे मांडले, बेरीज केली आणि म्हणाले, "आत्ता नको. अकरा गुण होतात."

गुण जास्त म्हणजे चांगलं, एवढंच मी बीएपर्यंत शिकलो होतो. मी त्यांच्याशी भांडलो. डॉक्टर घाबरट आहे, असं मामीला सांगितलं. राग ओसरल्यावर त्या बेरजेचा इतिहास शोधू लागलो.

आतड्यांतलं रक्त एका मोठ्या शिरेतून यकृतात येतं. यकृत कठीण झालं की ते तुंबतं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि एखाद्या दिवशी फुटतात. रशियात निकोलाय एक यांनी 1877 साली कुत्र्यांवर प्रयोग करून ही शीर यकृताला वळसा घालून थेट दुसऱ्या मोठ्या शिरेला जोडली. पुढे 1893 मध्ये पावलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की अशी कुत्री मांस खाल्ल्यावर बिथरतात, बेशुद्धही होतात. यकृताची गाळणी टाळण्याची ही किंमत होती. 1940 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये व्हिपल आणि ब्लेकमोर यांनी अशी जोडणी माणसांवर सुरू केली. रक्तस्राव थांबे, पण काही रुग्ण ऑपरेशननंतर दगावत, काहींची शुद्ध हरपू लागे.

मग प्रश्न उभा राहिला: सुरी कुणाला लावायची आणि कुणाला नाही? 1964 साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे चाइल्ड आणि टरकॉट यांनी पाच गोष्टी बघायला सांगितल्या. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, पोटातलं पाणी, मेंदूवरची गुंगी आणि रुग्णाचं पोषण. त्यावरून अ, ब, क असे तीन वर्ग. 'पोषण' हा अंदाजाचा मामला. 1973 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या पग आणि सहकाऱ्यांनी त्याजागी रक्त गोठायला लागणारा वेळ घेतला. प्रत्येक गोष्टीला एक ते तीन गुण. पाच-सहा म्हणजे अ, सात ते नऊ ब, दहा ते पंधरा क. मामूंचे अकरा. इथे नापास व्हायचं ते जास्त गुण मिळवून.

1984 साली अमेरिकेत सिऱ्हॉसिसच्या 100 रुग्णांच्या पोटाच्या शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अ वर्गात मृत्यू 10 टक्के, ब मध्ये 31, क मध्ये 76. पुढे उपचार सुधारले, आकडे उतरले. पण पायऱ्यांचा क्रम बदलला नाही. 2000 नंतर 'मेल्ड' हा दुसरा हिशेब आला. त्यात मूत्रपिंडाचं क्रिएटिनिनही धरतात. 2007 मध्ये मेयो क्लिनिकनं 772 रुग्ण तपासून सांगितलं की मेल्डबरोबर वय आणि इतर आजारही मोजा.

कारण साधं आहे. रक्त गोठवणारी प्रथिनं यकृत बनवतं, भुलीची कित्येक औषधं तेच निकामी करतं. भूल दिली की यकृताकडे जाणारं रक्तही कमी होतं. जखम छोटी असली तरी ती भरायला लागणारी पुंजी यकृताकडूनच यायची असते. ती तिजोरी रिकामी, आणि आम्ही खर्चाची घाई करत होतो.

हर्निया अडकला असता तर थांबता आलं नसतं. जोखीम घ्यावीच लागली असती. तो अडकला नव्हता. म्हणून मीठ कमी केलं, लघवीवाटे पाणी काढणारी औषधं आणि विषाणूवरच्या गोळ्या सुरू झाल्या, खाण्याकडे लक्ष दिलं. चार महिन्यांनी त्याच सर्जननी पुन्हा बेरीज केली. आठ. तेव्हा ऑपरेशन झालं. जखम भरायला वेळ लागला, पण भरली.

मी सर्जनची माफी मागितली. मोहल्ल्यातल्या हसणाऱ्यांनी मात्र मामूंची मागितली नाही. मामूंना त्याचं दुःख हर्नियापेक्षा जास्त होतं. घरी आल्यावर मी त्यांना ही सारी कथा ऐकवली. चाइल्ड, पग, बिचारी कुत्री. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेटा, यात नवं काय? कोरं सुती कापड आधी भिजवून, वाळवून घेतल्याशिवाय मी कधी कात्री लावली का?"