खेळाडूचे जाहिरात-उत्पन्न आणि प्राप्तिकर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी खाशाबा जाधव यांच्याजवळ पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले, ही हकिकत सर्वश्रुत आहे. त्या रकमेवर कर लागेल काय, हा प्रश्न त्यावेळी उद्भवण्याचे कारण नव्हते. खेळाडू हा खेळावर कमावणारा मनुष्य होय, ही कल्पनाच रूढ झालेली नव्हती.

प्राप्तिकर खात्याची दृष्टीही दीर्घकाळ हीच राहिली. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या 22 जानेवारी 1986 च्या परिपत्रकानुसार व्यावसायिक नसलेल्या खेळाडूस मिळालेले पारितोषिक हे वैयक्तिक गौरवाची भेट ठरत असे व करपात्र होत नसे. बीजिंग येथे 2008 मध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या अभिनव बिंद्रा यांना खासगी संस्थांनी दिलेल्या बक्षिसांबाबत दिल्लीच्या न्यायाधिकरणाने 2013 मध्ये याच परिपत्रकाचा आधार घेतला. परंतु भेट देणारा मोबदल्यात काहीच मागत नाही. जाहिरातदार खेळाडूचा चेहरा मागतो. खरा पेच येथूनच सुरू होतो.

या पेचाचे सर्वात बोधप्रद उदाहरण मुंबईचे आहे. 1961 च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम 80 आरआर अन्वये लेखक, नट, संगीतकार, खेळाडू आदींना स्वतःच्या व्यवसायातून मिळालेल्या परकीय चलनातील उत्पन्नावर वजावट मिळत असे. सचिन तेंडुलकर यांनी ईएसपीएन स्टार स्पोर्ट्स, पेप्सिको व व्हिसा यांच्याकडून मिळालेल्या सुमारे 5 कोटी 92 लाख रुपयांवर 30 टक्के, म्हणजे सुमारे 1 कोटी 77 लाखांची वजावट मागितली. ती खेळाडू म्हणून नव्हे, नट म्हणून. क्रिकेटचे उत्पन्न त्यांनी ‘इतर स्रोतां’त दाखविले होते. कलमात ‘खेळाडू’ हा शब्द असतानाही हा मार्ग का, असे प्रथमदर्शनी वाटते. तथापि जाहिरातीचे पैसे चेंडू टोलवून मिळत नाहीत, कॅमेऱ्यापुढे उभे राहून मिळतात. करनिर्धारण अधिकाऱ्याने हे म्हणणे फेटाळले. मे 2011 मध्ये मुंबईच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने मात्र एका व्यक्तीचे दोन व्यवसाय असू शकतात आणि जाहिरातीतील कामासही कल्पकता व कौशल्य लागते, असे मानून वजावट मान्य केली. साऱ्या देशाने ज्यास क्रिकेटपटू म्हणून डोक्यावर घेतले, तो करापुरता नट ठरला! कायद्याच्या अंगाने निर्णय सुसंगत आहे, मात्र त्याचा लाभ पुढील खेळाडूंना झाला नाही. टप्प्याटप्प्याने घटविलेली ही वजावट कर-आकारणी वर्ष 2005-06 पासून संपुष्टात आली होती.

दरम्यान ऑगस्ट 2008 च्या अधिसूचनेने खेळाडू, पंच, प्रशिक्षक, समालोचक यांच्या सेवा ‘व्यावसायिक सेवा’ ठरवून उगमस्थानी करकपातीच्या कक्षेत आणल्या. हौशी खेळाडूचे जुने कवच येथे पातळ झाले.

अमेरिकेत 1 जुलै 2021 पासून महाविद्यालयीन खेळाडूंस आपल्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली. तेथे असा विद्यार्थी सामान्यतः स्वयंरोजगारी करदाता मानला जातो आणि रोख रकमेऐवजी मिळालेल्या वस्तूचेही बाजारमूल्य उत्पन्नात धरले जाते. गोंदिया जिल्ह्यातील विद्यार्थी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या संघांतून आंतरविद्यापीठ स्पर्धांत उतरतात, त्यांच्यासाठी हे अगदीच परके नाही. एखाद्या दुकानदाराने धावपटूस बूट दिले व बदल्यात त्याचे छायाचित्र फलकावर लावले, तर व्यवसायातून मिळालेला वस्तुरूप लाभ करपात्र मानण्याची तरतूद भारतातही 1964 पासून चालत आली आहे. रक्कम करमुक्त मर्यादेत राहिल्याने बहुधा कर भरावा लागणार नाही. पण कंपनीने कर कापून घेतला असेल, तर तो परत मिळविण्यासाठी विवरणपत्र भरावेच लागते, आणि त्याची माहिती खेड्यातील विद्यार्थ्यास देणार कोण? क्रीडा संचालकांकडे प्रवासभत्त्याचे नमुने असतात, कराचे नसतात. प्रथम वर्षातील खेळाडू पुष्कळदा 17 वर्षांचाच असतो. अज्ञानाचे उत्पन्न एरवी पालकांच्या उत्पन्नात मिळविले जाते. मात्र स्वतःच्या कौशल्याने कमावलेले उत्पन्न त्यास अपवाद आहे. ते त्याच्याच नावे धरले जाते.