अकादमी संघ आणि खालच्या श्रेणीतील व्यावसायिक संघ (फुटबॉल)

क्लब किंवा राष्ट्रीय संघटना साधारणपणे 15 ते 21 वयाच्या ज्या खेळाडूंना घडवून स्पर्धेत उतरवते, त्यांचा संघ म्हणजे अकादमी संघ. खालच्या श्रेणीतील व्यावसायिक संघ म्हणजे देशाच्या अव्वल लीगखाली खेळणारा, पगारी प्रौढ खेळाडूंचा संघ. दोघे समोरासमोर आले तर कोण सरस ठरेल, हा फुटबॉलमधला जुना प्रश्न आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये तो मामुर्डीच्या अकादमीच्या अनुभवावरून अभ्यासता येतो.

मामुर्डीची अकादमी : अशोक पिरामल समूहाने 2007 मध्ये पुणे एफसी हा क्लब स्थापन केला. द्वितीय श्रेणीतून वर आलेला हा क्लब 2009-10 पासून आय-लीगमध्ये (तेव्हाची देशाची अव्वल लीग) खेळू लागला आणि 2012-13 मध्ये उपविजेता ठरला. 2011 मध्ये क्लबने अकादमी सुरू केली. तिचे केंद्र देहूरोड-किवळ्यालगत, महापालिका हद्दीतील मामुर्डी येथे होते. 2014-15 च्या हंगामानंतर पुणे एफसीचा वरिष्ठ संघ आय-लीगमधून बाहेर पडला. 2016 मध्ये इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटीने अकादमी आपल्याकडे घेतली. त्या क्लबचा राखीव संघ 2017-18 मध्ये आय-लीगच्या द्वितीय श्रेणीत उतरला. मात्र इंडियन सुपर लीगमधील क्लबांच्या राखीव संघांना तेथून वर जाण्याची मुभा नव्हती. 2019 मध्ये एफसी पुणे सिटीही बंद झाला.

बलाबल : चेंडूवरील ताबा, पासिंग आणि धाव यांत चांगला अकादमी संघ प्रौढांच्या तोडीचा असतो, कित्येकदा पुढेही असतो. उणीव जाणवते ती अंगाला भिडून खेळण्यात, हवेतल्या चेंडूत, कॉर्नर व फ्री किकच्या बचावात आणि आघाडी मिळाल्यावर सामना शांतपणे संपवण्यात. हे शहाणपण सामने खेळूनच येते. शिवाय अकादमीतला उत्तम खेळाडू लवकर वरच्या संघात जातो, त्यामुळे संघ दरवर्षी नव्याने बांधावा लागतो. प्रौढ खेळाडूंचा पगार आणि पुढचा करार निकालांवर ठरतो. त्यातून येणारी ईर्ष्या मैदानावर दिसते.

भारतीय अनुभव : अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2010 मध्ये उभारलेला इंडियन अ‍ॅरोज हा तरुण खेळाडूंचा संघ खालच्या नव्हे, थेट आय-लीगच्या श्रेणीत खेळला. 2010-11 मध्ये पुणे एफसीने उसना दिलेल्या जेजे लालपेखलुआने या संघासाठी 13 गोल केले. 2017 मध्ये पुन्हा उभा राहिलेल्या अ‍ॅरोजने पहिल्याच सामन्यात चेन्नई सिटीला 3-0 हरवले. त्यांतले दोन गोल अनिकेत जाधवचे होते. कोल्हापूरचा हा खेळाडू बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत आणि पुणे एफसीच्या युवा संघात घडला. त्या हंगामात अ‍ॅरोज दहा संघांत तळाला राहिले. पुढच्या हंगामात मात्र अकरा संघांत आठवे आले आणि आदल्या वर्षीचा विजेता मिनर्व्हा पंजाब त्यांच्या खाली राहिला. 2022 मध्ये हा संघ विसर्जित झाला.

अन्य देश : स्पेन, जर्मनी व नेदरलँड्समध्ये क्लबांचे दुसरे संघ नियमित लीगमध्येच खेळतात. आयाक्सच्या दुसऱ्या संघाने, योंग आयाक्सने, 2017-18 मध्ये डच द्वितीय श्रेणी जिंकली, बायर्न म्युनिकच्या दुसऱ्या संघाने 2019-20 मध्ये जर्मन तृतीय श्रेणी जिंकली. नियमांमुळे दोघांनाही बढती मिळाली नाही. इंग्लंडमध्ये 2016-17 पासून ईएफएल ट्रॉफीत 21 वर्षांखालील अकादमी संघ तिसऱ्या व चौथ्या श्रेणीतील क्लबांशी खेळतात. चेल्सीचा युवा संघ 2017-18 मध्ये उपांत्य फेरीपर्यंत गेला, पण 2024-25 पर्यंत एकाही अकादमी संघाला ही ट्रॉफी जिंकता आलेली नाही. सर्वोत्तम अकादमी संघ तृतीय श्रेणीच्या संघाला एखाद्या दिवशी हरवू शकतो. बाद फेरीत ओळीने जिंकत राहणे मात्र त्याला जड जाते.

मूल्यमापन : अकादमीची किंमत गुणतक्त्यावरून करणे अन्यायाचे आहे. तिचे खरे फलित म्हणजे प्रौढ फुटबॉलमध्ये टिकणारा खेळाडू. मलप्पुरमचा आशिक कुरुनियन मामुर्डीच्या अकादमीतून 2016 मध्ये स्पेनच्या व्हियारेआल क्लबच्या तिसऱ्या संघाकडे गेला. परतल्यावर तो एफसी पुणे सिटीकडून खेळला आणि 2019 च्या आशिया चषकात भारताकडून उतरला. अकादमी, परदेशातील खालची श्रेणी, घरचा वरिष्ठ संघ आणि राष्ट्रीय संघ या सगळ्या पायऱ्या त्याला मिळाल्या. यांपैकी घरच्या वरिष्ठ संघाची पायरी या परिसरात दोनदा मोडली. म्हणून येथे अकादमी आणि खालच्या श्रेणीतील संघ यांना प्रतिस्पर्धी मानण्यापेक्षा एकमेकांची गरज मानणे योग्य ठरते : अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला अनुभवी बचावपटूंविरुद्ध नियमित खेळायला मिळाले, तरच अकादमीत शिकलेले कौशल्य पक्के होते, आणि स्थानिक संघालाही परवडणारे खेळाडू घरच्या घरी मिळतात.