थॅलॅमस आणि जाणीव
मेंदूच्या गाभ्यात, दोन्ही बाजूंना एकेक असलेला करड्या द्रव्याचा अंडाकृती पुंज म्हणजे थॅलॅमस. वास वगळता इतर संवेदना येथून मेंदूच्या बाहेरच्या थराकडे, म्हणजे बाह्यकाकडे, जातात. म्हणून त्याला बराच काळ निव्वळ टपालघर समजले गेले. ही समजूत तोकडी आहे. १९४९ मध्ये मोरुझ्झी व मॅगून यांनी मांजराच्या मस्तिष्क स्तंभातील जाळीदार भागाला विजेने चेतवले, तेव्हा मेंदूच्या विद्युत आलेखातील संथ, उंच लहरी जाऊन जागेपणीच्या जलद लहरी उमटल्या. जागृतीचा हा ओघ बाह्यकाकडे नेणारी एक वाट थॅलॅमसच्या मध्यवर्ती केंद्रकांतून जाते. ही केंद्रके इवलीशी असली, तरी दोन्हीकडची दुखावली तर माणूस गाढ बेशुद्ध होऊ शकतो.

२००७ मध्ये अमेरिकेतील निकोलस शिफ व सहकाऱ्यांनी ३८ वर्षांच्या एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. मेंदूच्या इजेनंतर तो सहा वर्षे अत्यल्प जाणिवेत होता. मध्य थॅलॅमसमध्ये बसवलेल्या इलेक्ट्रोडांमधून विद्युत चेतना दिल्यावर तो वस्तूंची नावे सांगू लागला, तोंडाने जेवू लागला. अर्थात, एका रुग्णावरून सर्वसाधारण नियम ठरत नाही. शिवाय जागे असणे वेगळे आणि समोरचे ‘दिसले’ हे उमगणे वेगळे. या दुसऱ्या बाबतीत थॅलॅमसचा वाटा किती व बाह्यकाचा किती, हा वाद चालू आहे.